लिंबू टायरखाली ठेवण्यापूर्वी

खंडेनवमीच्या सकाळी बंगळूरच्या कोणत्याही गल्लीत डोकावले तर एकच दृश्य दिसते. घराघरांसमोर मोटारसायकली, स्कूटर, मोटारी धुऊनपुसून उभ्या असतात. हँडलला शेवंतीचा हार, दोन्ही बाजूंना केळीचे कोवळे खुंट, दिव्यावर हळदीकुंकवाची बोटे. आपल्याकडे गाडीला झेंडूचा हार दसऱ्याला चढतो. कर्नाटकात हा मान आदल्या दिवशीच्या आयुधपूजेचा. आरती झाली की चाकांखाली एकेक लिंबू ठेवतात आणि घरातले कुणीतरी गाडी हळूच पुढे घेते. लिंबू फुटते, दृष्ट निघते, पेढे वाटले जातात.

गंमत अशी, की लिंबू ठेवायला माणूस टायरपाशी वाकतो, पण टायरकडे बघत नाही. वर्षभरात तो टायरच्या इतक्या जवळ एरवी क्वचितच जातो. टाकी चकचकीत होते, आरसे पुसले जातात, साखळीला तेलही मिळते. रस्त्याला टेकणारी जी एकच वस्तू गाडीला आहे, ती मात्र पाण्याचा एक फवारा मारून सोडून दिली जाते.

आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला हीच गाडी शहराबाहेर पडते.

सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूरकडच्या कितीतरी घरांतली मुले-मुली आज नोकरीनिमित्त बंगळूरला आहेत. आठवडाभर कार्यालय, खोली आणि वाहतुकीची कोंडी. रविवार उजाडला की दोघे-चौघे मित्र मोटारसायकली काढतात. आईला संध्याकाळी फोनवर ‘जरा फिरून आलो’ एवढेच कळते. हे ‘जरा’ अनेकदा दोनशे किलोमीटरचे असते.

त्यांना दोष तरी कसा द्यावा? दक्षिणेचे हे पठार आश्विन-कार्तिकात खरोखरच देखणे असते. कनकपुऱ्याचा रस्ता धरून गेले की शंभरएक किलोमीटरवर अर्कावती आणि कावेरीचा संगम लागतो. पुढे मेकेदाटू, म्हणजे शेळीची उडी. तिथे कावेरी कातळाच्या इतक्या अरुंद घळीतून वाहते, की शेळीने उडी मारून ती ओलांडली अशी कथा तयार झाली. मागडीच्या बाजूला सावनदुर्गाचा एकसंध प्रचंड पाषाण आहे, मंचनबेले धरणाचे पाणी आहे. रामनगरचे गोलमटोल डोंगर तर प्रत्येक मराठी घराने पाहिलेले आहेत. १९७५च्या ‘शोले’तले रामगढ ते हेच. वाटेत दाणे भरत आलेली नाचणी, बांधाबांधाला पिवळे फुललेले कारळे आणि रेशीम पिकवणाऱ्यांची तुतीची शेते. उत्तरेला नंदी टेकडी आहे, १,४७८ मीटर उंचीची, पहाटेच्या धुक्यासाठी गर्दी खेचणारी.

मोटारसायकल हे या भागाचे जुनेच वेड आहे. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६०च्या दशकापासून जावा आणि पुढे येझदी बाहेर पडल्या. कारखाना १९९६मध्ये बंद झाला, तरी त्या गाड्या जपणारी घरे बंगळूरमध्ये अजून आहेत.

हल्ली आडरस्त्यांना आणखी एक कारण मिळाले आहे. १ ऑगस्ट २०२३पासून बंगळूर-म्हैसूर द्रुतगती महामार्गाच्या मुख्य मार्गिकांवर दुचाकींना बंदी झाली. मग बाजूच्या सेवारस्त्याने रखडण्यापेक्षा कनकपुरा-मळवळ्ळीची वळणावळणाची वाट अनेकांना जवळची वाटते. वाट सुंदर आहे, यात शंका नाही. पण शहरात झिजलेला टायर या वाटेसाठी तयार असतो का, हा खरा प्रश्न आहे.

मोटारीचा टायर रस्त्यावर सपाट बसतो. दुचाकीचा टायर मात्र आडव्या छेदात गोलसर असतो आणि रस्त्याला त्याचा जेमतेम तळहाताएवढा भाग टेकतो. गाडी सरळ जात असली की मधला भाग टेकतो. वळणावर गाडी झुकली की कडेचा. आता सिल्क बोर्ड चौकातून रोज ये-जा करणाऱ्या गाडीचे काय होते बघा. पन्नास हात पुढे, ब्रेक, पुन्हा पन्नास हात पुढे. सगळा प्रवास सरळ रेषेत. टायरचा मधला पट्टा तेवढा घासत राहतो आणि कडांची नक्षी नव्यासारखी राहते. वर्ष-दोन वर्षांत गोल टायरला मध्ये सपाटी येते आणि सपाटीच्या दोन्ही अंगांना एकेक अस्पष्ट धार तयार होते.

शहरात हे जाणवतच नाही. जाणवते ते घाटात. गाडी वळणावर झुकवताना आधी काहीच होत नाही, हँडल जड वाटते, आणि टायर त्या धारेवरून घसरून कडेवर आला की गाडी एकदम आत पडल्यासारखी होते. नवशिका दचकतो आणि दचकला की ब्रेक दाबतो. ओल्या रस्त्यावर, मागे कुणी बसलेले असताना, हा क्षण फार महाग पडू शकतो. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांतली ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती.

ओल्या रस्त्याचा उल्लेख मुद्दाम केला. दसरा आला म्हणजे पाऊस गेला, हा आपला महाराष्ट्रातला हिशेब बंगळूरला लागू पडत नाही. तिथे सप्टेंबर आणि ऑक्टोबर हेच वर्षातले सर्वांत जास्त पावसाचे महिने. सकाळी निळेभोर आकाश आणि दुपारी चारनंतर अचानक सर, हे नेहमीचेच. म्हणजे जाताना रस्ता कोरडा आणि थकून परतताना ओला. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांचा पाऊस सर्वांत वाईट, कारण रस्त्यावरची धूळ आणि सांडलेले तेल त्यात कालवले जाते. अशा वेळी टायरच्या खाचा पाणी बाजूला सारतात, म्हणून रबर डांबराला टेकते. खाचा उरल्या नसतील, तर पाणी जाणार कुठे?

मग बघायचे काय? उन्हात गाडी मधल्या स्टँडवर घ्यावी आणि चाक हळूहळू फिरवावे. टायरच्या बाजूच्या भिंतीवर लहानसा त्रिकोण किंवा टी.डब्ल्यू.आय. ही अक्षरे दिसतात. तिथून वर नक्षीकडे सरळ रेषेत गेले की खाचेच्या तळाशी रबराचा छोटा उंचवटा सापडतो. नक्षी झिजत त्या उंचवट्याला टेकली की टायरचे आयुष्य संपले. नियमानुसार दुचाकीच्या टायरची खाच किमान ०.८ मि.मी. हवी. पण ही कायद्याची शेवटची हद्द आहे. पावसात आडरस्त्याला निघणाऱ्याने तिथपर्यंत वाट पाहू नये. आणि खाच मोजायची ती मध्यभागी. कडेची नक्षी बघून ‘अजून बराच आहे’ म्हणणारे लोक स्वतःचीच समजूत घालत असतात. शेवटी तळहात टायरवरून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवा फिरवावा. वर सांगितलेली धार डोळ्यांना दिसली नाही तरी हाताला लागते.

पुढचा टायर निराळ्या रीतीने झिजतो. इंजिनाची ओढ आणि बहुतेक वजन मागच्या चाकावर, म्हणून मागचा लवकर संपतो आणि लवकर लक्षातही येतो. पुढचा सावकाश झिजतो. पण ब्रेकचा मुख्य भार त्याच्यावर असल्याने त्याच्या नक्षीला करवतीसारखे उंचसखल दाते पडतात. मागचा निसटला तर कधीकधी सावरता येते, पुढचा निसटला तर सहसा नाही. तरीही मागचे दोन टायर बदलून होतात आणि पुढचा तोच चालू राहतो.

टायरच्या एका कंपनीचे नाव आपल्याला सचिन तेंडुलकरच्या बॅटमुळे पाठ झाले. टायरवर आणखी काय लिहिलेले असते, ते मात्र कुणी वाचत नाही. एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. ‘३२२२’ असेल, तर टायर २०२२ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात, म्हणजे ऑगस्टमध्ये तयार झाला. हे महत्त्वाचे, कारण रबर न वापरताही म्हातारे होते. महामारीच्या काळात घरून काम सुरू झाले आणि बंगळूरमधल्या कितीतरी गाड्या तळघरात महिनोन् महिने उभ्या राहिल्या. वडिलांची जुनी गाडी मुलाने हौसेने नेली, तिचेही तेच. नक्षी शाबूत दिसते, पण बाजूच्या भिंतीला बारीक चिरा पडलेल्या असतात आणि रबर कडक झालेले असते. पाच वर्षे झाली की टायर दरवर्षी जाणकाराला दाखवावा. दहा वर्षे झालेला, कितीही चांगला दिसला तरी, काढून टाकावा.

हवेचा विषय थोडक्यात. ती टायर थंड असताना, सकाळी घराजवळच्या पंपावर तपासावी. तीस किलोमीटर चालवून तापलेल्या टायरमध्ये आकडा जास्त दिसतो, म्हणून हवा काढून टाकू नये. किती पौंड, ते गाडीवरच्या पट्टीवर किंवा माहितीपुस्तिकेत असते. मागे कुणी बसणार असेल तर मागच्या चाकाचा आकडा वेगळा दिलेला असतो. मित्राला किंवा बायकोला घेऊन निघताना हा दुसरा आकडा आठवणारे थोडे. कमी हवेचा टायर कडांना झिजतो आणि तापतो, जास्त हवेचा मध्ये.

बदलण्याची वेळ आली, तर गाडीला कंपनीने दिलेल्या मापाचाच टायर घ्यावा. ‘१००/९०-१७’ म्हणजे रुंदी १०० मि.मी., उंची त्या रुंदीच्या ९० टक्के आणि रिम १७ इंचांची. जाड टायरने गाडी रुबाबदार दिसते, पण अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याचा आकार बिघडतो आणि वळताना गाडी आळशी होते. काही ठिकाणी गुळगुळीत टायरवर तापलेल्या पात्याने नव्याने खाचा कोरून देतात. असा टायर चुकूनही घेऊ नये. खाच दिसते, पण तिच्याखाली रबर उरलेलेच नसते. नवा टायरही पहिले शंभर-दीडशे किलोमीटर निसरडा असतो. म्हणून आयुधपूजेला टायर घालून दसऱ्याला घाट गाठू नये. आधी चार दिवस तो शहरातच सावकाश चालवावा.

खुद्द आयुधपूजेच्या संध्याकाळचीही एक गोष्ट आहे. लिंबाप्रमाणे कोहळाही ओवाळून, कुंकू माखून चौकात फोडतात. त्याचा गर रस्त्यावर पसरतो आणि दुचाकी त्यावरून साबणावरून सरकावी तशी सरकते. रस्त्यावर कोहळे फोडू नका, असे आवाहन बंगळूरचे वाहतूक पोलीस करत असतात, तरी चौक लालपांढरे होतातच. कोहळा बाजूच्या मातीत फोडला तर दृष्ट निघणार नाही, असे कुणी सांगितले आहे?

नोव्हेंबर सरता सरता आडरस्त्यांवर आणखी एक प्रकार भेटतो. शेतकरी नाचणीची, हुलग्याची कापणी करून पेंढ्या डांबरावर पसरतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या वाहनांची चाके त्यांची मळणी करतात. मनाई असली तरी हे चालते. शेणाने सारवलेली खळी आणि मळणीचे बैल दोन्ही कमी झाल्यावर त्याने तरी काय करावे? मोटारसायकलवाल्याला मात्र हा पेंढा बर्फासारखा निसरडा असतो आणि उत्तमातला टायरही इथे कामाला येत नाही. लांबूनच वेग कमी करावा, गाडी सरळ ठेवावी, पेंढ्यावर असताना ब्रेक लावू नये की वळू नये. पार झाल्यावर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे आणि साखळीत, मागच्या चाकाच्या आसाभोवती गुंडाळलेला पेंढा ओढून काढावा. सायलेन्सरपाशी एखादी काडी राहिली असेल तर तीही, पण हात जपून. तो तापलेला असतो.