अंडं नाही म्हणजे जैन झालं का?



दशलक्षण पर्व झाल्यावर आमच्या महिला मंडळात 'जैन पाककृती' स्पर्धा झाली. परीक्षक तिघी, त्यात मी एक. पहिलं बक्षीस मिळालं 'जैन पॅनकेक'ला. मैदा, दूध, बेकिंग पावडर, व्हॅनिला इसेन्स, वर लोण्याचा गोळा आणि त्यावर मधाची धार! मी हरकत घेतली, तर दोघी म्हणाल्या, "काकू, अंडं नाही ना त्यात? मग जैनच की. काळ बदललाय." दोन विरुद्ध एक, मी हरले. बक्षीस देताना टाळ्याही वाजवल्या. पण तेव्हापासून ते मनात सलतंय, म्हणून आज लिहायला बसले.

मद्य, मांस, मधु. हे तीन मकार आपण पाठशाळेत पहिल्या वर्षी शिकतो. कांदा-लसूण, बटाटा या सगळ्या पुढच्या पायऱ्या. मधाचा त्याग ही पहिली पायरी. आणि आपल्याच व्यासपीठावर, आपल्याच पर्वानंतर, मध घातलेल्या पदार्थाला 'जैन' म्हणून बक्षीस? लोण्याचंही तेच. लोणी काढलं की लगेच कढवून तूप करायचं, हे आपल्या आज्यांना कुणी सांगावं लागत नव्हतं. काही व्हॅनिला इसेन्स अल्कोहोलमध्ये विरघळवलेले असतात, ते तरी बाटलीवर कोण वाचतं? आणि मैदा! पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. मैद्याच्या पाकिटावर मुदत छापलेली असते ती महिन्यांची.

यावर उत्तर मिळतं, "पण पाकिटावर हिरवा ठिपका आहे." अहो, मधाच्या बाटलीवरही हिरवा ठिपका असतो. कांदा-लसणाच्या मसाल्यावरही असतो. तो ठिपका सरकारच्या शाकाहाराचा आहे, आपल्या आहाराचा नाही. सरकारचं त्यात काही चुकलेलं नाही. आपण आपलं काम त्याच्यावर सोपवलं, ही चूक आपली.

मी कॉमर्सची. नुसतं बोलून माझं समाधान होत नाही, ताळेबंद मांडावा लागतो. नातीची सुट्टी होती. तीही 'पॅनकेक, पॅनकेक' करत होती. म्हटलं, चल, होऊन जाऊ दे. एका रविवारी सकाळी चार प्रकार केले. तवा एकच, वाटी एकच.

पहिला, बक्षीसवाला. मध, लोणी आणि इसेन्स वगळून. छान फुगला, दिसायला देखणा. दोन तासांनी डब्यातून काढला तर चिवट.

दुसरा, अंड्याऐवजी पिकलेलं केळं कुस्करून. गोडवा चांगला, पण तव्याला धरतो, आणि बाहेरून काळा होईपर्यंत आत ओलाच.

तिसरा, बेसनाचं धिरडं. चव उत्तम. पण लोक त्यात मऊपणासाठी दही किंवा ताक घालतात, आणि डाळीच्या पिठाला दही लागलं की द्विदल झालं. माझ्या सासूबाई बेसनाच्या भांड्याशेजारी ताकाचं भांडंसुद्धा ठेवू देत नसत. मी नुसत्या पाण्यात केलं, चांगलं झालं. पण नातीला गोड हवं होतं.

(आंबोळी यादीत घेतलीच नाही. चव सुंदर, पण पीठ रात्रभर आंबवायचं, म्हणून आमच्याकडे ती बाद.)

चौथं, गुळाचं धिरडं. घरच्या घरघंटीवर दळलेली कणीक एक वाटी, तांदळाची पिठी पाव वाटी, गूळ अर्ध्या वाटीला थोडा कमी. गाळलेल्या कोमट पाण्यात गूळ विरघळवून पुन्हा गाळून घ्यायचा, कारण गुळात काय काय निघतं ते तुम्हाला ठाऊक आहेच. चिमूटभर मीठ, वेलची, थोडी बडीशेप. पीठ इडलीच्या पिठाइतकं दाट, पंधरा मिनिटं झाकून. बिडाच्या तव्यावर तूप, मंद आच, वर झाकण. वरून जाळी पडली की उलटायचं. गूळ लवकर करपतो, म्हणून आच वाढवायची नाही. बस्स.

अंड्याचं काम काय, तर तापल्यावर घट्ट होऊन सगळं धरून ठेवणं. ते काम कणकेतला चिकटपणा करतो, आणि कडेचा कुरकुरीतपणा पिठीमुळे येतो. मग अंड्याची जागा भरायला बाजारातून काही आणायचंच कशाला? मुळात ती जागा रिकामी नव्हतीच.

फुगत नाही, हे कबूल. पण फुगलं म्हणजे चांगलं, हे कुणी ठरवलं? दोन तासांनी डब्यात मऊ राहिलं ते हेच एक. नातीनं तीन खाल्ली आणि विचारलं, "आजी, हे तू आधी का नाही केलंस?"

मैत्रिणींनो, या प्रश्नानं मात्र मी गप्प झाले. खरंच, का नाही केलं? 'मुलांना आपलं आवडत नाही' असं आपणच ठरवून टाकलं. पोरींना दोष देतो, पण धिरडी त्यांच्या ताटात वाढणं आपणच बंद केलं.

कुणी घरी काय खावं हे सांगायला मी बसलेले नाही. ज्याची त्याची शक्ती, ज्याचा त्याचा नियम. पॅनकेक खायचा तर खा, त्याला पॅनकेक म्हणा. पण 'जैन' हा शब्द लावलात की त्याचा हिशोब द्यावा लागतो. उद्या नात हॉस्टेलला जाईल, ताटावर 'जैन' लिहिलेलं बघून निर्धास्त जेवेल. तो शब्द आपणच पातळ केला, तर तिनं विश्वास कशावर ठेवायचा?

पुढच्या वर्षी स्पर्धेच्या नियमावलीत तीन ओळी घाला, एवढीच माझी मागणी: मध नाही, लोणी नाही, पीठ मर्यादेतलं. परीक्षक म्हणून मला बोलावू नका हवं तर. मी स्पर्धक म्हणून येईन, बिडाचा तवा घेऊन.

बोलण्यानं कुणी दुखावलं असेल तर उत्तम क्षमा. मधाबाबत मात्र माघार नाही.