कंदिलाखालचा अंधार

मंचेरियलमधील आपल्या जुन्या घरांतून अलीकडे एक हौस दिसते. माळ्यावरचा प्रभाकर कंदील उतरवायचा, त्यात विजेचा दिवा बसवायचा आणि पाहुण्यांना 'अँटिक' म्हणून दाखवायचा. हौसेला आमची हरकत नाही. हरकत आहे ती विस्मरणाला. 'हा केला कोणी?' असे पाहुण्याने विचारताच यजमान गप्प होतात.

ओगले बंधूंनी १९१६ साली औंध संस्थानाच्या आश्रयाने कऱ्हाडजवळ काचकारखाना काढला. तेथेच ओगलेवाडी वसली. प्रभाकर म्हणजे सूर्य, आणि तेच त्यांच्या वडिलांचे नाव.

'मराठी माणसाला उद्योग जमत नाही' हे वाक्य सरकारी खुर्चीत बसून आम्हीही पुष्कळदा उच्चारले. ज्या उजेडात शिकून ती खुर्ची मिळवली, तो उजेडच ते वाक्य खोटे ठरवीत होता! कारखाना शेवटी बंद पडलाच ना, असे कोणी म्हणेल. पण घरोघरी वीज आल्यावर कंदील मागे पडला, यात कर्त्याचा नाकर्तेपणा कोठे?

दिवा खुशाल बसवावा; मात्र नातवंडांना आधी ओगल्यांचे नाव सांगावे.