अर्धे शटर

रेणुकामातेपुढेही ज्यांची मान लवत नाही, अशी माणसे मी 2021 च्या एप्रिलात रेणापुरात कमरेत वाकलेली पाहिली. 'ब्रेक द चेन'चा हुकूम निघाला होता. किराणा, औषधे चालू, कापड बंद. बंद म्हणजे शटर कमरेइतके वर! गिऱ्हाईक वाकून आत शिरले की खाली. मीही शिरलो. (हप्ता मागायला, असे घरी सांगितले.)

आप्पांची अडचण मला कळत होती. लग्नसराईचा माल पडून, हप्ता थकलेला. 2020 साली रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट हप्त्यांना सवलत तरी दिली होती. या खेपेला तशी सरसकट नव्हती. मोर्चा काढा, प्लेगच्या काळातल्या त्या 1897 च्या कायद्याला शिव्या घाला, निवेदनावर मी पहिली सही करतो! पण आप्पा, मोर्चा उघड्यावर निघतो. तुमचे बंड शटरआड. दंड तुम्ही भराल, कबूल. खोकला मात्र साड्या उलगडणाऱ्या पोराने घ्यायचा. त्याला ना नफ्यात वाटा, ना 'नाही' म्हणायची सोय.

हे बोललो तर आप्पा म्हणाले, "साहेब, तुमचा पगार चालू हाय."

खरेच होते. गप्प बसलो.

पुढच्या सोमवारी ते पोरगे दिसले नाही. साड्या त्याचा धाकटा भाऊ उलगडत होता.