सेटर काकांना रोज एक तास द्या

अप्रेंटिसचा विषय निघाला की लोक लगेच पैशांवर येतात. येणारच. 2019च्या नियमांनी शिक्षणानुसार महिना 5,000 ते 9,000 रुपये किमान विद्यावेतन ठरवलं. भोसरीत कॉट बेसिसवर राहून, मेस भरून त्यातलं किती उरतं, हे माझ्या आईलाही पाठ झालंय. पण मी टर्नर ट्रेडची मुलगी, माझी तक्रार वेगळी आहे. पैसे कमी मिळतात त्यापेक्षा शिकायला कमी मिळतं, याचा राग जास्त येतो.

आयटीआयत साधा लेथ होता. चार जबड्यांच्या चकमध्ये जॉब धरायचा, डायल लावून सेंटर करायचा, आटे पाडायचे. इथे सीएनसी. दार उघडा, जॉब काढा, एअर मारा, नवा लावा, सायकल स्टार्ट. मग गेज : ‘गो’ बाजू गेली पाहिजे, ‘नो-गो’ अडली पाहिजे. एवढं कुणालाही चार-सहा दिवसांत येतं. पुढे वर्षभर तेच.

खरी विद्या ऑफसेटमध्ये आहे. इन्सर्ट झिजत गेला की जॉबचा बाहेरचा व्यास हळूहळू वाढतो, तो शतांश मिलिमीटरच्या हिशोबाने परत जागेवर आणायचा असतो. मशीनच्या स्क्रीनवरचं ऑफसेटचं पान उघडायची परवानगी फक्त सेटर काकांना. मी हाक मारते, ते धावत येतात, चार बटणं दाबतात आणि पुढच्या मशीनवर जातात. का, कसं, किती, हे विचारायचं राहूनच जातं.

काकांचा दोष नाही. एकदा कच्चा माल आला नाही म्हणून लाइन बंद होती, तेव्हा स्वतःहून म्हणाले, “पोरी, गेज नंतर. आधी कान लाव.” शिल्लक तुकड्यांवर मशीन चालवून त्यांनी दाखवलं, धार गेली की कापण्याचा आवाज कसा बदलतो, फीड कमी पडला की चिप तुटायच्याऐवजी लांब गुंता का होतो. एवढं मला कुणी कधी शिकवलं नव्हतं. माल आला आणि शिकवणी संपली.

कारण शिफ्टचे नग काकांच्या नावावर असतात. मला समजावण्यात गेलेली वीस मिनिटं त्यांच्या आकड्यातून जातात. शिकवलंत का, हे त्यांना कुणी विचारत नाही. नग कमी पडले तर सुपरवायझर हजर!

1961चा शिकाऊ उमेदवार कायदा सांगतो की प्रशिक्षणावर पात्र माणूस नेमा, प्रगतीची नोंद ठेवा. तोच कायदा मला कामगार मानत नाही, प्रशिक्षणार्थी मानतो, त्यामुळे बरेचसे कामगार कायदे मला लागू नाहीत. चालेल, पण मग शिकवा तरी. 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला 2.5 ते 15 टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात, आणि केंद्राची योजना विद्यावेतनाचा पाव हिस्सा, जास्तीत जास्त 1,500 रुपये, उचलते. मोजणी होते ती डोक्यांची. आणि पुन्हा हेच कंपनीवाले परिसंवादात म्हणणार, आयटीआयच्या पोरांना काही येत नाही. कसं येईल? परीक्षेत समोर ड्रॉइंग येतं, सायकल स्टार्टचं बटण नव्हे.

माझं म्हणणं साधं आहे. ज्या सेटरकडे अप्रेंटिस दिलाय, त्याच्या टार्गेटमधून रोज तासाभराचे नग कमी करा. शिकवण्याचा भत्ता द्या, तोही त्याच्याच पगारात दिसू दे. आणि नोंदवहीत काय शिकवलं ते लिहाल, त्याखाली सही आमची घ्या. सध्या आमच्याकडे ती वही ऑफिसात परस्पर भरली जाते, आणि तिच्यानुसार मी थ्रेडिंगचा प्रोग्राम लिहायला केव्हाच शिकले आहे.