‘एक मिनिट थांबा’

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने बालरोगशास्त्रातील एखादा विषय सुचवला होता. लसीकरण, स्थूलता, मुले आणि मोबाइल, यांपैकी काहीही चालेल, असे ते म्हणाले. त्या विषयांवर आपले सहकारी अधिकाराने लिहितीलच. मी मात्र या वेळी अमेरिकेतील एका बर्गरच्या दुकानाबाहेर मोटारीत बसून काढलेल्या पंचवीस मिनिटांविषयी लिहिणार आहे, आणि तरीही विषय आपल्याच व्यवसायाचा आहे असे माझे म्हणणे आहे.

२०२४ च्या उन्हाळ्यात मी महिनाभर माझ्या भाच्याकडे, टेक्सासमध्ये डलासजवळच्या एका उपनगरात राहिले. एका संध्याकाळी मुलांचा पोहण्याचा वर्ग आटोपून आम्ही परतत होतो. धाकटी दोन वर्षांची, मागच्या आसनावर पट्ट्यांत अडकून झोपलेली. थोरला पाच वर्षांचा आणि भुकेने कावलेला. भाच्याने मोटार एका ‘ड्राइव्ह-थ्रू’मध्ये घातली. ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. दुकानाच्या इमारतीला वळसा घालून जाणारी एकेरी वाट असते. वाटेवर पदार्थांचा मोठा फलक आणि त्यापाशी माइक व स्पीकर. तिथे ऑर्डर सांगायची, पुढच्या खिडकीशी पैसे देऊन पिशवी घ्यायची आणि निघायचे. मोटारीतून उतरायचे नाही. आम्ही गेलो त्या ठिकाणी वाटेच्या दोन्ही बाजूंना सिमेंटचे कठडे होते. पुढे मोटार, मागे मोटार. एकदा आत शिरलात की मन बदलले तरी बाहेर पडण्याची सोय नाही.

आमची पाळी आली. “एक मिनिट थांबा,” असा एक तरुण आवाज फलकातून आला आणि मग शांतता. एक मिनिट गेले, तीन गेली, सहा गेली. भाच्याने आधी सौम्यपणे “हॅलो” म्हटले, मग जरा चढ्या आवाजात, आणि शेवटी काच पूर्ण खाली करून “एनीबडी देअर?” असा तो ओरडलाच. लगेच मागच्या आसनावरून तोच प्रश्न, त्याच पट्टीत, त्याच तुसडेपणाने पुन्हा ऐकू आला. आम्ही दोघेही हसलो. हसू ओसरल्यावर मात्र मला जरा विचारात पडल्यासारखे झाले. माझा भाचा इंदूरच्या घरात वाढला आहे. दारावर आलेल्या पोस्टमनलाही तो ‘काका’ म्हणत असे. समोर माणूस असता तर तो असे बोलला नसता, याविषयी मला शंका नाही. पण समोर एक पेटी होती, आणि पेटीशी कसे बोलावे हे आपल्याला कुणी शिकवलेले नाही. पाच वर्षांच्या मुलाने ते त्या दिवशी शिकून घेतले.

खिडकीशी पोचल्यावर त्या पेटीचा चेहरा दिसला. एकोणीस-वीस वर्षांची मुलगी, कानाला हेडसेट, घामाने चिकटलेले केस. एका हाताने ती आमचे कार्ड घेत होती, दुसऱ्या हाताने पिशवीत रुमाल कोंबत होती, आमच्याकडे पाहून “सॉरी” म्हणत होती आणि त्याच श्वासात हेडसेटमध्ये कुणाला तरी सांगत होती, “एक मिनिट थांबा.” आमच्या वाट्याला आलेला ‘एक मिनिट’ही असाच दुसऱ्या कुणाची पिशवी भरता भरता उच्चारलेला असणार. मग तिने आम्हाला पुढे जाऊन एका आखलेल्या चौकोनात उभे राहायला सांगितले. तिथे आणखी अकरा मिनिटे गेली. पिशवी आली तेव्हा तीत मुलाचा रस नव्हता.

“मावशी, गंमत कळली का?” भाचा म्हणाला. “त्यांच्या घड्याळात आपण केव्हाच गेलो.”

त्या वाटेखाली जमिनीत मोटार ओळखणारी यंत्रणा पुरलेली असते. मोटार फलकाशी आली की घड्याळ सुरू होते, खिडकीवरून हलली की थांबते. व्यवस्थापकाचे मूल्यमापन त्या आकड्यावर होते. त्यामुळे पदार्थ तयार नसला तर गिऱ्हाइकाला खिडकीवरून पुढे सरकवायचे; तो थांबलेलाच असतो, पण आकडा सुधारतो. आपण डॉक्टरांनी याला हसण्याचे कारण नाही. इंग्लंडमध्ये आपत्कालीन विभागांना चार तासांत रुग्णाची सोय लावण्याचे उद्दिष्ट दिले गेले, तेव्हा चौथा तास भरण्याआधीच्या काही मिनिटांत रुग्ण विभागातून हलवले जाण्याचे प्रमाण एकदम वर गेल्याचे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले होते. घड्याळ ज्याच्या हातात, त्याचा कल घड्याळाकडेच झुकतो.

या सोयीची टिंगल करण्याचा माझा हेतू नाही. १९४८ साली कॅलिफोर्नियात हॅरी स्नायडर यांनी ‘इन-अँड-आउट’ नावाच्या छोट्या दुकानाशी माइक आणि स्पीकर बसवला, तेव्हापासून ही पद्धत रुळत गेली. मॅकडोनाल्ड्सने पहिली अशी खिडकी १९७५ मध्ये अ‍ॅरिझोनातील सिएरा व्हिस्टा येथे उघडली. तिची कथा लक्षात ठेवण्यासारखी आहे. जवळच लष्करी तळ होता आणि कामाच्या गणवेशातील सैनिकांना तळाबाहेर मोटारीतून उतरण्याची मनाई होती. ज्याला उतरताच येत नाही त्याच्यापर्यंत पोचण्यासाठी भिंतीला भोक पाडले गेले. आजही गुडघे गेलेले वृद्ध, चाकाच्या खुर्चीवरील माणसे आणि लहान मुले असलेल्या आया यांना ही खिडकी मोठा आधार वाटते. टेक्सासच्या उन्हाळ्यात झोपलेल्या बाळाला ‘दोनच मिनिटे’ म्हणून मोटारीत ठेवून दुकानात शिरणे किती घातक आहे, हे बालरोगतज्ज्ञाला सांगायला नको. बंद मोटारीत उष्माघाताने अमेरिकेत दरवर्षी सरासरी ३७ च्या आसपास मुले दगावतात. तेव्हा खिडकी हवी. प्रश्न आहे तो खिडकीशी वागण्याचा.

तिकडे ‘क्यूएसआर’ नावाचे या धंद्याचे नियतकालिक दरवर्षी अशा खिडक्यांवरचा वेळ मोजते. २०१९ मध्ये सरासरी २५५ सेकंद लागत होते. साथीच्या काळात, २०२१ मध्ये, ते ३८२ वर गेले. परंतु २०१९ च्याच पाहणीत सर्वांत अधिक वेळ ‘चिक-फिल-ए’ या साखळीला लागला होता, जवळजवळ ३२३ सेकंद, आणि सौजन्याच्या बाबतीत मात्र हीच साखळी अशा पाहण्यांत वरच्या स्थानी असते. तिथल्या रांगा लांबलचक असतात, तरी लोक पुन्हा पुन्हा जातात. गर्दीच्या वेळी तिथले कर्मचारी हातात टॅब्लेट घेऊन मोटारींच्या रांगेत चालत येतात आणि चालकाशी समोरासमोर बोलून ऑर्डर घेतात. ‘थँक यू’ म्हटल्यावर ‘माय प्लेझर’ म्हणायचे, ही शिकवणही आहेच. ती मला थोडी पोपटपंची वाटली. पण उन्हात उभे राहून काचेपाशी वाकलेल्या माणसावर ओरडणे अवघड जाते, हे मी भाच्याच्याच उदाहरणावरून सांगते. त्याच आठवड्यात आम्ही तिथेही गेलो होतो. वेळ फारसा कमी लागला नाही. भाचा मात्र दोनदा “थँक यू” म्हणाला, आणि मागून तिसरे “थँक यू” आले.

हार्वर्डमधील डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्ये रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या मनावर एक निबंध लिहिला. त्यातील दोन निरीक्षणे मला दवाखान्याच्या भिंतीवर लावावीशी वाटतात: कारण न सांगितलेली प्रतीक्षा कारण सांगितलेल्या प्रतीक्षेपेक्षा लांब वाटते, आणि किती वेळ लागेल हे ठाऊक नसेल तर ती आणखीच लांबते. ‘एक मिनिट थांबा’ या तीन शब्दांत कारणही नाही आणि वेळही नाही.

मॅकडोनाल्ड्सने २०२१ पासून शंभराहून अधिक ठिकाणी आयबीएमच्या साहाय्याने ऑर्डर घ्यायला माणसाऐवजी यंत्र बसवून पाहिले. यंत्र थकत नाही, चिडत नाही. पण आइस्क्रीमवर बेकन घातल्याचे किंवा नगेट्सची संख्या वाढवतच नेल्याचे त्याचे घोटाळे जगभर लोकांनी पाहिले, आणि २०२४ मध्ये तो प्रयोग बंद झाला. यंत्राला नम्रपणे बोलायला शिकवता येत होते. समोरच्याचे नीट ऐकणे त्याला जमले नाही.

गिऱ्हाइकांच्या बाजूनेही थोडे सांगितले पाहिजे, कारण उशीर नेहमी आतूनच होत नाही. फलकापाशी पोचेपर्यंत ऑर्डर न ठरवणारे, कार्यालयातील बाराजणांची यादी घेऊन या अरुंद वाटेत शिरणारे, खिडकीशी आल्यावर “त्यातला कांदा काढता येईल का” विचारणारे, फोनवर बोलत बोलत फलकाला एक बोट दाखवून थांबवणारे, असे सगळे नमुने मी त्या महिन्यात पाहिले. मिनेसोटातील ब्रेनर्ड या गावी डिसेंबर २०२० मध्ये नऊशेहून अधिक मोटारींतील लोकांनी ओळीने आपल्या मागच्याचे पैसे भरले, अशी मोठी बातमी झाली होती. छानच आहे ती. मला मात्र कुणी मागच्याचे बिल भरण्यापेक्षा वेळेवर मनाचा निश्चय केला असता तरी पुरले असते.

आपल्या इंदुरात सकाळी पोह्यांच्या ठेल्यापुढे रांग नसतेच. पंधराजण घोळका करून उभे, कुणी “भिया, दो प्लेट” म्हणतो, कुणी नुसती नोट पुढे करतो. पोहेवाला वर पाहतो, मान हलवतो, आणि त्या एका हालचालीने आपली नोंद झाली हे कळते. अमेरिकेत बसून मला त्या मान हलवण्याची फार आठवण झाली. पण खरे तेच लिहायचे तर त्या घोळक्यात मी लहान असताना मुठीत नाणे घट्ट धरून कितीतरी वेळ उभी राहिलेली आहे. मोठ्यांच्या कोपरांच्या उंचीखाली असणाऱ्याला पोहेवाल्याची मान दिसत नाही. तिकडच्या वाटेत भांडखोराला पुढे जाता येत नाही, एवढा न्याय तरी सिमेंटचे कठडे देतात.

हे सारे मी ज्या कारणासाठी लिहिते आहे ते आता सांगते. काही वर्षांपूर्वी, ऐन पावसाळ्यात, जुलाबाच्या साथीच्या दिवसांत, देवासकडून एक आई दहा महिन्यांचे बाळ घेऊन माझ्या दवाखान्यात आली. नंबर एकतिसावा. आत मी आकडी आलेल्या एका मुलापाशी होते, त्यामुळे बाहेरचे सगळे खोळंबले होते. त्या उशिराबद्दल मला आजही अपराधी वाटत नाही. आपल्यापैकी कुणीही तेच केले असते. पण बाहेर हे कुणी सांगितले नाही. त्या बाईंना पावणेदोन तासांत जे ऐकायला मिळाले ते एवढेच: “बसा, बोलावतील.” त्यांचे नाव पुकारले तेव्हा बाक रिकामा होता. त्या रात्री ते बाळ तीव्र निर्जलीकरणाने दुसरीकडे दाखल झाले. बाळ वाचले, म्हणून हे मला लिहिता येते आहे.

हे मला कळले ते सात-आठ महिन्यांनी, त्या लसीसाठी पुन्हा आल्या तेव्हा. “न सांगता का गेलात?” असे मी, खरे तर थोड्या रागानेच, विचारले. “मॅडम, तीनदा विचारलं,” त्या म्हणाल्या. “त्या खालीच बघून ‘बसा’ म्हणाल्या. चौथ्यांदा काय विचारायचं?”

खालीच बघून. माझ्या रिसेप्शनिस्टने एकदा मान वर केली असती तर तिला बाळाचे खोल गेलेले डोळे दिसले असते. ती काही प्रशिक्षित परिचारिका नाही, पण अठरा वर्षे माझ्याकडे काम करते आहे आणि तिला ते कळले असते. जागतिक आरोग्य संघटनेची आपत्कालीन छाननीची पद्धत आपण सर्वांनी वाचलेली आहे. आलेल्या प्रत्येक मुलाकडे आल्याआल्या पाहावे, हेच तिचे पहिले पाऊल. आपण सौजन्याला वरची सजावट समजतो. त्या दिवशी माझ्या दवाखान्यात सौजन्य आणि तपासणी या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. एकच गोष्ट होती, आणि तीच झाली नाही. दोष तिचा नाही. वीस फायली, तीन फोन आणि आतून माझ्या हाका, अशा स्थितीत मी तिला बसवले होते. डलासच्या खिडकीतील त्या मुलीला पाहिल्यावर मला पहिली आठवण तिचीच झाली.

त्या लसीच्या दिवसापासून तिचा फोन दुसऱ्या मुलीकडे दिला, आणि ती दर अर्ध्या तासाने उठून बाकांवरून एक फेरी मारते. अमेरिकेहून परतल्यावर दाराशी एक पांढरा फलकही लावला: आत कितवा नंबर चालू आहे, उशीर असल्यास किती आणि का. एका ज्येष्ठ मित्राने मला ऐकवले की आपण बर्गर विकत नाही. शिवाय ‘चाळीस मिनिटे उशीर’ असे लिहिले तर रुग्ण उठून जातील. जातात. ज्याच्या मुलाला नुसती सर्दी आहे तो उद्या येतो, ज्याला घाई आहे तो जवळच्या डॉक्टरांकडे जातो, आणि जाताना सांगून जातो. न सांगता गेलेल्यांची मला जास्त भीती वाटते.

फलकाची पद्धत अजून नीट बसलेली नाही. सकाळी तो व्यवस्थित भरला जातो; गर्दीच्या सोमवारी, म्हणजे जेव्हा त्याची खरी गरज असते तेव्हा, संध्याकाळी सात वाजता त्यावर सकाळी अकराचाच नंबर असतो. गेल्या महिन्यापासून तो पुसून नवा आकडा लिहिण्याचे काम मी स्वतःकडे घेतले आहे, आणि दोन सोमवारी मीही विसरले.