नोंदणी झाली, मालकीचे काय?

नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीतील ६५ बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश दिला, तेव्हा तेथे बिऱ्हाड थाटलेल्या कुटुंबांवर आभाळ कोसळले. ह्या मंडळींनी जाणूनबुजून आडवाट धरली होती, असे म्हणण्याची सोय नाही. महापालिकेच्या नावाने बनावट परवानग्या तयार करण्यात आल्या होत्या, आणि त्यांच्या आधारे 'महारेरा'चा नोंदणी क्रमांकही पदरात पाडून घेण्यात आला होता. असा क्रमांक जाहिरातीत दिसला की मध्यमवर्गीय गृहस्थ निर्धास्त होतो व आयुष्याची पुंजी विकासकाच्या हवाली करतो. त्यात त्याचे फारसे चुकले असे आम्हांस वाटत नाही.

परंतु सरकारी शिक्क्याचा अर्थ नेमका काय, हे त्याने समजून घ्यावयास हवे. दुय्यम निबंधक दस्त नोंदवितो. विकणाऱ्याची मालकी खरी की खोटी, ह्याचा निवाडा तो करीत नाही. मुद्रांक शुल्क मात्र पै न् पै वसूल होते! महारेराची नोंदणी विकासकाने सादर केलेल्या कागदांवर उभी असते. बँकेचा वकील शोध घेतो तो बँकेचे कर्ज बुडू नये म्हणून. ग्राहकाचा म्हणून वकील ह्या साऱ्या व्यवहारात कोणीच नसतो. लाखो रुपयांच्या सौद्यात स्वतःच्या वकिलाची फी वाचविण्याची ही काटकसर आम्हांस अनाकलनीय वाटते. सातबारा अथवा मालमत्ता पत्रक, मागील तीस वर्षांच्या व्यवहारांचा शोध, आणि बांधकाम परवान्याची विकासकाने दिलेली प्रत नव्हे तर पालिकेच्या दप्तरातील मूळ नोंद, एवढे तरी त्या वकिलाने पाहावे. विक्रेता केवळ कुलमुखत्यारपत्र व साठेखत पुढे करीत असेल, तर त्याने मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केले आहे.

कायदा ग्राहकाच्या बाजूस नाही, असे मात्र नव्हे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यान्वये नोंदणीकृत करारनामा झाल्याखेरीज किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ताबा रखडल्यास व्याजासह पैसे परत मागता येतात, आणि ताबा मिळाल्यावर पाच वर्षांत रचनेत दोष आढळल्यास विकासकाने तो विनामूल्य दुरुस्त करावयाचा असतो. तरीही 'आधी बुकिंग, करार सावकाश' ह्या गोड बोलण्यास सुशिक्षित माणसेही भुलतात, आणि भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या घरात गणेशपूजन करून मोकळी होतात. वरळीच्या कॅम्पा कोला वसाहतीतील रहिवासी त्या प्रमाणपत्रावाचून वर्षानुवर्षे राहिले. मंजूर नकाशाबाहेरचे मजले सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बेकायदाच ठरविले.

सदनिका मिळाली तरी पायाखालची जमीन कोणाची, हा प्रश्न उरतोच. १९६३ च्या महाराष्ट्र मालकी सदनिका कायद्याखालील नियमांनुसार, अन्य मुदत ठरलेली नसल्यास, गृहसंस्थेच्या नोंदणीपासून चार महिन्यांत विकासकाने जमिनीचे अभिहस्तांतरण करून द्यावयाचे असते. हे वचन इतक्या सर्रास मोडले गेले की २००८ मध्ये 'मानीव अभिहस्तांतरणा'ची तरतूद करावी लागली. तरी इमारत मोडकळीस येऊन पुनर्विकासाची वेळ येईपर्यंत अनेक संस्थांना ह्याची आठवण होत नाही, आणि मग मूळ मालकाचे वारस दारात उभे राहतात.

एवढी सावधगिरी ग्राहकाने बाळगावीच. पण पालिकेचा परवाना खरा की बनावट, हे शोधण्याचे ओझे त्याच्या एकट्याच्या शिरावर का? पालिका, महारेरा आणि निबंधक कार्यालय ह्या तिन्ही ठिकाणी सरकारचाच अंमल. परवान्याची पडताळणी परस्पर झाल्याविना महारेराचा क्रमांक मिळता कामा नये आणि दस्तही नोंदला जाता कामा नये, अशी सक्ती हवी. बनावट परवान्यावर उभ्या राहिलेल्या घरांच्या दस्तांपोटी जे शुल्क तिजोरीत जमा झाले असेल, ते निदान त्या कुटुंबांस परत करण्यास सरकारची काय हरकत आहे?