घरकुल मंजूर, पण जागा कुणाची?



सोनपेठ परिसरातल्या वस्त्यांमध्ये काम करताना बायकांचा एक प्रश्न मी पुन्हा पुन्हा ऐकते : ‘ताई, घरकुलाला पैसे देतेत म्हणं, पण जागा कुठंय?’ सरकारी भाषेत याला घरांची टंचाई म्हणतात. मला वाटते, आपल्याकडे ही मुख्यतः जमिनीची टंचाई आहे. शहरातली कोणती जमीन कशासाठी वापरायची हे विकास आराखड्यात ठरते, आणि या आराखड्याकडे आपण स्त्रियांनी आजवर फारसे लक्ष दिलेले नाही.

25 जून 2015 रोजी प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) सुरू झाली. 2024 पासून तिचा दुसरा टप्पा चालू आहे. लहान गावांना तिचा जो भाग खरा लागू पडतो तो असा : स्वतःच्या जागेवर घर बांधा, केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख अनुदान घ्या. घर कुटुंबातल्या स्त्रीच्या नावावर किंवा पती-पत्नीच्या संयुक्त नावावर हवे. विधवा व एकल स्त्रियांना प्राधान्य आहे. नियम चांगले आहेत. पण ‘स्वतःची जागा’ या दोन शब्दांपाशी बहुतेक बायका अडतात. जागा सासऱ्याची असते, दिराची असते, नवऱ्याची असते. वडिलोपार्जित मालमत्तेत हिंदू मुलीला मुलाइतका वाटा महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि देशाने 2005 मध्ये दिला. तरी ‘भावाशी वाकडं कशाला’ म्हणत हक्कसोडपत्रावर सही करून ती मोकळी होते. मग नवऱ्याने टाकले की सासरची जागाही गेली आणि माहेरचीही. प्राधान्य आहे, पण घर उभे कशावर करायचे?

आपल्या भागातून दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचे पाहा. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात; दोघांच्या कष्टाची उचल मात्र मुकादम त्याच्या हाती देतो. त्यातून वाचलेल्या पैशात गावाबाहेरच्या शेतात गुंठा-अर्धा गुंठा बाँडपेपरवर विकत घेतला जातो. तिथे ना रस्ता, ना नळ, ना बिनशेतीची परवानगी. अशा जागा कायदेशीर करण्यासाठी 2001 चा गुंठेवारी कायदा आहे. 2021 मध्ये त्याची मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवली. पण त्यासाठी शुल्क भरावे लागते, आणि बाँडवर नाव त्याचे असते. तो वारला किंवा दुसरी घेऊन आला, तर तिच्या अर्ध्या कोयत्याचा कागदोपत्री कुठे पुरावाच नाही.

लोक शेतात गुंठे का घेतात? गावाच्या हद्दीत गरिबाला परवडेल अशी जागा कुणी राखून ठेवलेली नसते म्हणून. 1966 च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाने विकास आराखडा करण्याचे काम नगरपरिषदेवर सोपवले आहे. नकाशात राहण्याचा पट्टा पिवळा, शेतीचा हिरवा. हिरवा पट्टा पिवळा झाला की जमिनीचा भाव चढतो आणि फायदा ज्याची जमीन त्याला. 2013 मध्ये राज्याने मोठ्या ले-आउटमध्ये 20 टक्के जागा दुर्बल व अल्प उत्पन्न गटाच्या घरांसाठी ठेवण्याचा नियम केला, पण तो 10 लाखांवर लोकसंख्येच्या महानगरपालिकांसाठी. सोनपेठ सोडा, परभणी शहरही त्यात बसत नाही.

2025 च्या राज्य गृहनिर्माण धोरणाने 2030 पर्यंत 35 लाख घरांचा आकडा जाहीर केला आहे. पण आकड्याला जमीन जोडलेली नसेल तर तो कागदावरच राहतो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात 1969 पासून प्रत्येक शहराच्या आराखड्यात घरांचे प्रकरण सक्तीचे आहे. कोणत्या उत्पन्नगटासाठी किती घरांची सोय हवी, हे शहराला ठरवून दिले जाते आणि त्यासाठी कोणत्या जागा, हे शहराने दाखवावे लागते. तिथेही श्रीमंत वस्त्या खळखळ करतात, पण निदान ‘जागा दाखवा’ असे म्हणता येते. आपल्या आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातही राज्याने भूमिहीनांना जमिनीचे पट्टे देण्याची वाट मोकळी ठेवली आहे. ते पट्टे कुठल्या जमिनीवर द्यायचे, हे आराखड्यातच ठरले पाहिजे.

म्हणून आपली मागणी अशी : लहान गावांच्या आराखड्यातही बेघर कुटुंबांसाठी जागा राखावी, ती पाणी, शाळा आणि बाजारापासून जवळ असावी, आणि पट्टा एकल स्त्रीला तिच्या एकटीच्या नावावर मिळावा. नुसत्या आरक्षणावर विसंबूनही चालणार नाही. 10 वर्षांत जागा घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होते. तेव्हा अंदाजपत्रकातल्या तरतुदीवरही आपला डोळा हवा.

प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांना फक्त 30 दिवस मिळतात. हे दिवस दिवाळी ते पाडव्याच्या मधले असतील तर ऊसतोडीच्या बायका फडावर असतात आणि गावात त्यांच्यातर्फे कुणी बोलत नाही. ही मुदत टोळ्या परतल्यावरच ठेवावी, असा ठराव आपण आधीच मागितला पाहिजे. 2011 पासून नगरपरिषदांत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. त्या मैत्रिणींना गाठा, सोबत बसून नकाशा उलगडा, आणि त्यावर आपली वस्ती कुठे आहे ते विचारा. नकाशावर ती दिसत नसेल, तर पहिली हरकत तीच नोंदवा.